फडकं खाली ठेवा!

नवी दुर्बीण घरात आली की माणूस पहिल्या रात्री चंद्र बघतो, दुसऱ्या रात्री शनी बघतो आणि तिसऱ्या रात्री नळीत टॉर्च मारून आरसा बघतो. तिथे त्याचं खगोलशास्त्र संपतं आणि घरकाम सुरू होतं. तिरक्या उजेडात आरशावर जे काही दिसतं, त्याने कुणाचीही झोप उडावी. कण न् कण चमकत असतो. एक धागा वेटोळं घालून मधोमध बसलेला असतो. कडेला एका चिलटाने देह ठेवलेला असतो. कालपर्यंत ज्या आरशातून शनीची कडी बघून अख्ख्या घराने "आई गं!" म्हटलं होतं, तोच आरसा आता घाणेरडा ठरतो आणि घरातला कर्ता पुरुष जुन्या बनियनचं फडकं शोधू लागतो.

टॉर्चची ही परीक्षा मुळातच अन्यायाची आहे. तिरक्या प्रकाशात धुळीचा कण उजेड चहूकडे उधळतो आणि आपल्या मापाच्या कितीतरी पट मोठा दिसतो. कारखान्यातून काल बाहेर पडलेला आरसासुद्धा या उजेडात गुन्हेगार वाटतो. दुर्बीण ही अंधारात वापरायची वस्तू. तिची तपासणी टॉर्चने का करायची, हे टॉर्चवाल्यांनीच सांगावं.

पण मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्याला हे पटवणं कठीण. त्याचं आणि धुळीचं वैर रोजचं आहे. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या दोन पट्ट्यांत प्रत्येक सोसायटी तीनपैकी एका अवस्थेत असते: पाडायची आहे, पाडली आहे किंवा शेजारची पाडताहेत. उरलेल्या मोकळ्या जागेत मेट्रोचे खांब उभे राहतात. सकाळी पुसलेल्या टीव्हीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढली. मोठ्या प्रकल्पांभोवती ३५ फूट उंच पत्रे लावा, इमारतीला हिरवं कापड किंवा ताडपत्री गुंडाळा, पाणी मारा, असं बरंच काही तीत आहे. नियम चांगलेच आहेत. पण ३५ फूट म्हणजे जेमतेम तिसरा मजला, आणि दुर्बीणवाला राहतो सातव्यावर, कारण खालून आकाशच दिसत नाही.

या धुळीत सिमेंट असतं, वाळू असते, विटांचा चुरा असतो, टायरचा काळा भुगा असतो. अवकाशातूनसुद्धा रोज कित्येक टन बारीक धूळ पृथ्वीवर पडते. तेव्हा तुमच्या आरशावरचा एखादा कण एखाद्या धूमकेतूच्या शेपटीतला असण्याची शक्यता आहे. बाकीचे शेजारच्या पुनर्विकासातले.

आता हिशेब करू. सहा इंची आरसा घ्या. घरगुती दुर्बिणीत हे माप चांगलं मानतात. त्याचं क्षेत्रफळ सुमारे १८ हजार चौरस मिलिमीटर भरतं. धुळीचा कण चांगला जाडजूड धरू, व्यास एक दशांश मिलिमीटर. असे किती कण पडले की आरशावर येणाऱ्या प्रकाशातला एक टक्का अडेल? सुमारे २३ हजार. तेही एकमेकांच्या अंगावर न चढता, शिस्तीत शेजारी शेजारी बसले तर. आणि एक टक्का प्रकाश कमी झाला हे माणसाच्या डोळ्याला कळत नाही, दहा टक्के कमी झाला तरी शेजारी तुलनेला काही असल्याशिवाय कळणं मुश्कील. मग या २३ हजार कणांनी आपलं काय बिघडवलं?

खरी गंमत पुढे आहे. न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत प्रकाश बाजूला वळवून डोळ्याकडे आणायला नळीच्या तोंडाशी एक छोटा तिरपा आरसा टांगलेला असतो. तो मोठ्या आरशाच्या वाटेत सरळ आडवा येतो. सहा इंची दुर्बिणीत तो साधारण दीड इंचाचा असतो, म्हणजे सहा टक्के प्रकाश बनवणाऱ्यानेच अडवून ठेवलेला असतो. त्याबद्दल कुणी टॉर्च घेऊन तक्रार करत नाही.

"पण मग चंद्रावर ठिपके का नाही दिसत?" असं घरातलं चौकस पोर विचारतं. त्याला पुठ्ठा आणि कात्री द्या. पुठ्ठ्याचा अर्धगोल कापून नळीच्या तोंडाला लावा आणि चंद्र दाखवा. चंद्र अर्धा होत नाही. पूर्ण दिसतो, फक्त थोडा मंद. चंद्राच्या प्रत्येक भागातून आलेला प्रकाश आरशाच्या प्रत्येक भागावर पडलेला असतो, त्यामुळे आरशाचा एखादा तुकडा झाकला तरी चित्रातला कुठलाच तुकडा नाहीसा होत नाही. धुळीचा कण म्हणजे फार फार छोटा पुठ्ठा. पोराला हे लगेच पटतं. मोठ्यांना दाखवायला जाऊ नका, ते पुठ्ठा कुठल्या खोक्याचा कापला ते विचारतात.

एवढं गणित मांडूनही फडकं काही खाली ठेवलं जात नाही. घर दिवाळीसाठी आवरायला काढलं की माळ्यावरून दुर्बीण उतरते आणि तिच्यावर सल्लागार मंडळ बसतं. आजी म्हणते, "ओल्या वर्तमानपत्राने पुसा रे, आरसा लख्ख होतो." आत्याचा भरवसा पितांबरीवर. शेजारच्या काकूंच्या मते टूथपावडर लावून पंधरा मिनिटं ठेवावं, चांदीची निरंजनं तशीच निघतात. घरकामाला येणाऱ्या मावशी तर कुणाला विचारतही नाहीत. त्यांच्या हातून कुठलाही आरसा सुटत नाही, ही त्यांची ख्याती आणि आपली भीती.

मंडळाला ठाऊक नसतं ते असं की बाथरूमच्या आरशाला मुलामा काचेच्या मागे असतो आणि दुर्बिणीच्या आरशाला पुढे. समोर दिसतं ते ॲल्युमिनियम, उघडं. जाडी मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. वाळूत असतं क्वार्ट्झ. खनिजांचा कठीणपणा मोजायची जी दहापर्यंतची मोहज पट्टी आहे, तीवर क्वार्ट्झ सात, काच साधारण साडेपाच आणि ॲल्युमिनियम तीनच्याही खाली. म्हणजे आरशावर नुसता बसलेला वाळूचा कण निरुपद्रवी असतो, पण त्याच्यावर फडकं दाबून फिरवलं की तो नांगर धरतो. धूळ फुंकून जाते. चरा जन्मभर राहतो, आणि टॉर्चच्या उजेडात तर तो धुळीपेक्षाही झोकात चमकतो.

खंडेनवमीचं प्रकरण वेगळंच. घरातली सगळी हत्यारं पुजायची म्हणजे स्क्रूड्रायव्हर, शिवणाचं मशीन, लॅपटॉप आणि दुर्बीण. माझा पूजेला विरोध नाही. पण पूजा करणाऱ्याला दुर्बिणीचं तोंड कुठलं हे ठाऊक नसतं आणि हळदकुंकू अंदाजाने वाहिलं जातं. नळीत पडलेलं कुंकू आरशापर्यंत पोहोचतं. पुढे वर्षभर मंगळ बघताना उगाच शंका येत राहते.

धुळीच्या या भीतीतला उपरोध ज्यांनी हाताने आरसा घासला आहे त्यांना जास्त कळेल. महाराष्ट्रात हा नाद जुना आहे. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेची स्थापना १९४४ ची, आणि आयुका या खगोलशास्त्र संस्थेनेही हौशी लोकांसाठी दुर्बीण बनवायच्या कार्यशाळा भरवल्या. आरसा बनतो तोच मुळी धुळीने. काचेवर काच, मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी, आणि तासन् तास घासणं. आधी जाड भुकटी, मग बारीक, मग आणखी बारीक, शेवटी राळेच्या थरावर सेरियम ऑक्साइड. इथे मात्र धुळीची भीती शंभर टक्के खरी. शेवटच्या टप्प्यात आधीच्या जाड भुकटीचा एक कण चुकून शिरला तर कित्येक दिवसांची मेहनत पाण्यात. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्षल आरसा घासायला बसला की हात काढत नसे. एकदा तो सोळा तास घासत होता आणि बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवत होती. भरवणारी बहीण नसेल त्याने आरसा विकतच घ्यावा.

तर आरसा बनेपर्यंत धूळ वैरी, बनल्यावर पाहुणी. मग उपनगरात शनी नीट का दिसत नाही? नळीच्या आत टॉर्च मारणारा माणूस नळीच्या बाहेर बघायला तयार नसतो. आरशावर काही हजार कण असतील, पण आरसा आणि शनी यांच्यामध्ये अख्ख्या मुंबईची हवा उभी असते. हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडे आकाश बघायचा खरा मोसम सुरू होतो तेव्हाच, जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही आणि सगळा धूर, धुरळा खालीच कोंडून राहतो. स्पेनच्या ला पाल्मा बेटावर सहारा वाळवंटाची धूळ हवेत जास्त झाली की वेधशाळा घुमट बंद करतात. तोच नियम घाटकोपरला लावला तर घुमट बांधायचा खर्चच वाचेल.

शिवाय गच्ची. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री श्वास सोडतं, खालच्या मजल्यांचे एसी गरम हवा वर फेकतात आणि त्या थरथरत्या हवेतून गुरू पाण्याच्या तळाशी पडल्यासारखा हलत राहतो. दुर्बीण एसीच्या बेडरूममध्ये ठेवली असेल तर आणखी मजा. बाहेरच्या दमट हवेत आणताच तिला दरदरून घाम फुटतो, आणि तो पुसायला पुन्हा फडकं! दहा-पंधरा मिनिटं हात बांधून उभं राहिलं तर काच आपोआप कोरडी होते, पण हात बांधून उभं राहणं हे शास्त्र अजून शाळेत शिकवत नाहीत. घाटकोपरला तर विमानतळाकडे उतरणारी विमानं ओळीने डोक्यावरून जातात. चंद्रावरचं विवर समजून ज्याकडे रोखून बघत होतो, त्याला अचानक दिवे लागतात.

आणि हे सगळं नंतरचं. आधी गच्चीची चावी. ती सेक्रेटरींकडे असते. दुर्बीण म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुणाच्या घरात बघणार?" शनी सांगितल्यावर ते जास्तच संशयाने बघतात. अर्ज द्यावा लागतो. अर्ज कमिटीच्या बैठकीत जातो, बैठक पार्किंगवरून गाजते, अर्ज पुढच्या बैठकीत जातो. शनी सूर्याभोवती एक फेरी साडेएकोणतीस वर्षांत मारतो, त्यामुळे तो थांबतो. परवानगी मिळते ती "रात्री दहापर्यंत, आणि टाकीला हात लावू नये" या अटीवर. त्या रात्री ढग येतात.

परवानगीबरोबर अख्खी सोसायटी वर येते, आणि इथे स्वच्छतेचा खरा प्रश्न उभा राहतो. तो आरशाचा नसतो, आयपीसचा असतो. डोळा लावायची ही भिंगं प्रतिमेच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे आत पडलेला कण चित्रात काळा ठिपका म्हणून मिरवू शकतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. आयपीस फिरवावा. ठिपका फिरला तर तो आयपीसवर, डोळा हलवल्यावर हलला तर तो तुमच्या डोळ्यात, आणि दोन्हीने हलला नाही तर शोधपत्रिकेला कळवावं. पण ठिपक्यापेक्षा वाईट ते तेल. शनीला तेल वाहायची आपली परंपरा आयपीसवर मनोभावे पाळली जाते. पापण्यांचं तेल, काजळ, मस्कारा, पोरांच्या बोटांवरचं फरसाण. तिसऱ्या विंगमधल्या आजींनी "साडेसाती चालू आहे, बघितलं तर चालेल ना?" असं विचारून बघितलं, नमस्कार केला आणि तेच बोट भिंगावर टेकवलं. बोटाचा चिकटपणा वेळीच काढावा लागतो, राहिला तर भिंगावरच्या थराला बाधतो. धूळ मात्र तिथेही आधी फुंकरीच्या रबरी फुग्याने उडवायची, पुसायचं नंतर.

रस्त्यावरच्या गर्दीला दुर्बीण दाखवण्यात ज्याने आयुष्य घालवलं, तो जॉन डॉब्सन. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीच्या मठातला हा संन्यासी. पैसा जवळ नाही, म्हणून जहाजाच्या गोल खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे बनवले, पुठ्ठ्याच्या नळ्यांत बसवले आणि फुटपाथवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला शनी दाखवला. मठाला त्याच्या या बाहेरख्यालीपणाचा वैताग आला आणि १९६७ मध्ये त्याला निघावं लागलं. आज जगभरच्या हौशी लोकांकडे डॉब्सोनियन दुर्बिणी आहेत त्या त्याच्या नावाच्या. फुटपाथवर आयुष्य काढलेल्या त्या आरशांवर धूळ नव्हती असं कोण म्हणेल?

धुळीचं काहीच बिघडत नाही असंही नाही. ती प्रकाश थोडा विखुरते, त्यामुळे चंद्राशेजारचा मंद तारा आणखी मंद होतो. सूर्याभोवतीचं करोनाचं तेज टिपायचं असेल तर कणाकणाचा हिशेब द्यावा लागतो, कारण ते तेज सूर्यबिंबाच्या लाखो पटींनी कमी. २ सप्टेंबर २०२३ ला उडालेल्या आदित्य एल-१ यानावरचं असं उपकरण हवा गाळून घेतलेल्या खोल्यांत, नखशिखांत झाकलेल्या माणसांनी जुळवलं. आणि चंद्रावर अपोलोच्या लोकांनी १९६९ आणि १९७१ मध्ये ठेवलेले परावर्तक आता अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा लेझर प्रकाश परत पाठवतात. संशय धुळीवर आहे. पन्नासहून जास्त वर्षांत कुणी पुसलं नाही म्हटल्यावर हे व्हायचंच. पण तुम्ही बोरिवलीच्या गच्चीत करोना बघत नसता, आणि तुमच्याकडे चंद्राशेजारचा मंद तारा बुडवायला समोरच्या टॉवरचे एलईडी समर्थ आहेत.

मुंबईत दुर्बिणीचा खरा काळ म्हणजे बुरशी, आणि तिच्याकडे कुणी टॉर्च मारत नाही. जून ते सप्टेंबर आकाश बंद. जुलै २०२० मध्ये निओवाइज नावाचा देखणा धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, तेव्हा आपण ढगांखाली आणि लॉकडाऊनमध्ये होतो. या चार महिन्यांत दुर्बीण प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून माळ्यावर टाकली जाते, धूळ लागू नये म्हणून! आतला दमटपणा आतच राहतो आणि दसऱ्याला भिंगावर पांढऱ्या धाग्यांचं कोळिष्टक निघतं. ही बुरशी आम्ल सोडते आणि भिंगावरचा थर खाते. धूळ असं कधीच करत नाही. जुने फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या कपाटात कमी वॉटचा बल्ब रात्रंदिवस जळत ठेवत, ते यासाठीच. ते जमत नसेल तर बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका. आरशावर हॉटेलातून आणलेली शॉवर कॅप घालावी. हा उपाय हास्यास्पद दिसतो, पण आरसा लाजत नाही.

अंधार हवा असेल तर उपनगर सोडावंच लागतं. मुंबईच्या खगोल मंडळाची माणसं कर्जतच्या वाटेवर वांगणीला रात्री जागवतात. ठाण्याहून कर्जत लोकल, दुर्बीण लगेजच्या डब्यात, शेजारी दुधाचे रिकामे कॅन आणि मासळीच्या पाट्या. एवढ्या धुळीतून, वासातून जाऊन तिथे बघायचं काय? तर धूळच. आकाशगंगेच्या पट्ट्यात जी काळी चीर दिसते ती ताऱ्यांमधली धूळ. अगदी काळोखी जागा मिळाली तर सूर्यास्तानंतर पश्चिमेला जो फिकट उजेडाचा सुळका दिसतो, तो ग्रहांच्या प्रतलात पसरलेल्या धुळीवर पडलेला सूर्यप्रकाश. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या क्वीन या बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने याच धुळीवर पीएचडीचं काम सुरू केलं, मध्ये तीसेक वर्षं गाणी वाजवली आणि २००७ मध्ये प्रबंध पुरा केला. धुळीला घाई नसते.

इतकं सगळं ऐकूनही ज्याचे हात शिवशिवताहेत त्याच्यासाठी सांगतो. दोन-तीन वर्षांतून एकदा आरसा धुवायला हरकत नाही. पुसायला आहे. बोटातल्या अंगठ्या काढा. आरसा साध्या पाण्याखाली धरा, निम्मी धूळ तिथेच जाते. मग डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. ओला कापूस स्वतःच्या वजनाने आरशावरून ओढा, बोटाने दाबू नका, एक फटकारा झाला की तो बोळा टाकून द्या. पुन्हा डिस्टिल्ड वॉटरने खळखळून धुवा आणि आरसा उभा करून वाळू द्या. त्या वेळी बाथरूममध्ये कुणाला घाईची गरज लागणार नाही अशी वेळ निवडा. नंतर दोन्ही आरसे पुन्हा एका रेषेत जुळवावे लागतात, ते विसरू नका. आठवडाभराने टॉर्च मारून बघाल तर धूळ परत आलेली असेल.

आणि तरीही खात्री पटत नसेल तर अमेरिकेतल्या टेक्सासची ही हकिकत. मॅकडोनाल्ड वेधशाळेत १०७ इंची दुर्बीण आहे. फेब्रुवारी १९७० मध्ये तिथल्या एका नव्या कर्मचाऱ्याचं डोकं फिरलं आणि त्याने पिस्तूल काढून तिच्या मुख्य आरशात सात गोळ्या झाडल्या. तेवढ्याने समाधान होईना म्हणून हातोडाही मारला. आरसा जाड होता, फुटला नाही, भोकं पडली. शास्त्रज्ञांनी हिशेब केला तेव्हा प्रकाशातली घट निघाली सुमारे एक टक्का. आरसा बदलला नाही. त्याच भोकांसकट ती दुर्बीण पुढची कित्येक दशकं तारे बघत राहिली.